श्रवण सामान्य

३ जानेवारी, शुक्रवार

आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझं ओळखपत्र आमटीत बुडालं. घटनेचं गांभीर्य घरात कोणालाच कळलेलं नाही, म्हणून लेखी नोंद करून ठेवतो. गळ्यात निळी फीत, फितीला प्लास्टिकचं पाकीट, पाकिटात मी. माणूस ताटावर वाकला की पाकीट त्याच्या आधी जेवायला बसतं. फीत आखूड होत नाही आणि कार्ड खिशात ठेवायचं नाही असा नियम आहे. विजयमाला म्हणाली, "जेवताना काढून ठेवावं की." आमच्या बायकोच्या सूचनांचा हाच दोष. त्या अमलात आणण्यासारख्या असतात, त्यामुळे तक्रारीला काही उरत नाही.

कार्डावर लिहिलंय, 'क्षेत्र संवाद अधिकारी'. बावन्नाव्या वर्षी. एकवीस वर्षं दर रविवारी या शहराची खिल्ली उडवून मी पोट भरलं. दैनिकाने सोलापूर आवृत्ती बंद केली, आणि ज्यांची खिल्ली उडवली त्यांच्या दारात आता गळ्यात पट्टा घालून उभं राहायचं. परवा नवी पेठेत एक जुना वाचक दिसला तेव्हा कार्ड शर्टाच्या आत सरकवलं. तो विचारत होता, "हल्ली लिहीत नाही का?" मी म्हणालो, "पुस्तकाचं काम चालू आहे." पुस्तकाचं नव्हे, पुस्तिकेचं चालू होतं. तेवढा फरक धरायचा नाही.

काम चांगलं आहे, हे इथे कबूल करायला हरकत नाही. डॉ. वैजयंती मॅडम कानाच्या डॉक्टर. यंत्रमागावर वीस-तीस वर्षं काढलेल्या माणसांच्या कानांचं काय होतं, ते त्या मोजणार आहेत. मोठ्या हॉस्पिटलात कानाचं यंत्र बसवून मिळतं, पण मागावरचा माणूस तिथवर पोचत नाही. केसपेपर, रांग, चार खेपा आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी. तेच काम शिकवून तयार केलेल्या मुलींनी त्याच्या घरी जाऊन केलं तर तितकंच चांगलं होतं का, असा अभ्यास. निम्म्या पेठांत घरी, निम्म्या पेठांत हॉस्पिटलात. यंत्र दोन्हीकडे फुकट. नोंदणी फेब्रुवारीअखेर बंद.

त्याआधी चाळणी म्हणून कुजबुजीची चाचणी. माणसाने एक कान बोटाने दाबायचा, आपण हाताभर अंतरावरून कुजबुजत तीन आकडे सांगायचे, त्याने ते परत म्हणायचे. चुकला तर अभ्यासाच्या केंद्रावर बंद खोलीत मशीनवर तपासणी आणि पुढे यंत्र. बरोबर आला तर 'श्रवण सामान्य' अशी चिठ्ठी आणि नमस्कार.

माझ्याकडे सव्वीस पानी इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करायचं होतं. काल संपवलं. एका ठिकाणी स्वतःची अक्कल वापरली. पुस्तिका म्हणते, तपासणाऱ्याने माणसाच्या पाठीमागे उभं राहावं. आता वडीलधाऱ्या माणसाच्या घरात शिरायचं, त्याच्या पाठीमागे जायचं आणि कुजबुजायचं? आपल्याकडे याला तपासणी म्हणत नाहीत. मी लिहिलं, 'समोर आदराने बसावे.' परदेशी लोकांना रीतभात कोणी तरी शिकवायला हवीच. मॅडमनी सव्वीसही पानांवर सह्या केल्या आणि म्हणाल्या, "तुमचं मराठी म्हणजे मला वाचायची गरज नाही, सयाजीराव." एकवीस वर्षांत एकाही संपादकाने असं म्हटलं नव्हतं.

६ जानेवारी, सोमवार

मुलींचं प्रशिक्षण. अकरा जणी. त्यातली वैष्णवी विणकर घरातली, घरी तेलुगू, बाहेर फर्डं मराठी. मध्येच हात वर करून म्हणाली, "सर, इंग्लिशमध्ये 'मागे उभं राहा' असं आहे. आपल्यात 'समोर बसा' आहे."

मी म्हणालो, "बाळ, मागे उभं राहून कानात बोलणारा एक तर सावकाराचा माणूस असतो, नाही तर जावयाचा मित्र. आपण दोन्ही नाही."

सगळ्या हसल्या. वैष्णवी पुस्तिकेकडे बघत बसली. मुलगी हुशार आहे, पण विनोदाचं अंग कमी.

९ जानेवारी, गुरुवार

भवानी पेठ. मुलींबरोबर पहिले काही दिवस मीही फिरायचं ठरलंय. आजचं तिसरं घर ईरप्पांचं. वय अठ्ठावन्न, मूळ अक्कलकोटकडचे, बायकोशी कन्नड, आमच्याशी मराठी. खोली एकच. बायको कमलम्मा दाराशी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होत्या.

"बसा की सर. हितं नको, तितं बसा," म्हणत ईरप्पांनी मला खुर्चीसकट उचलून दाराकडे तोंड करून बसवलं. ऊन थेट डोळ्यांत. पाहुण्याला सावली द्यावी ही रीत त्या घरात पोचलेली नाही.

मग माझ्याकडे निरखून म्हणाले, "सर, मिशा लई पुढं आल्यात तुमच्या."

"असू द्या. हौस आहे."

"कापा की थोड्या. व्हटावर येत्यात."

पहिल्या भेटीत मिशीवर येणारा माणूस मी दुसरा पाहिला. पहिले माझे सासरे.

एकतीस वर्षं माग चालवला. कारखाना दिवाळीत बंद झाला. "आता चिंचोळीत गेटवर लागलोय. एमआयडीसीत. दिवसपाळी हाय, आज सुट्टी. फेब्रुवारीपत्तर बघनार, मग कायम करनार. कान-डोळं बरूबर हाईत असा कागद मागितलाय." डोळ्यांचा कागद कुठल्याशा शिबिरात मिळाला होता. कानाचा राहिला होता. कायम झाले तर पगार आणि प्रॉव्हिडंट फंड. न झाले तर या वयात कोण घेतो.

कमलम्मा मशीन न थांबवता म्हणाल्या, "सर, ह्यांना घरात कायबी ऐकू येत न्हाई. धा वर्सं झाली सांगतीय."

मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "कमलम्मा, नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं हा आजार नाही. प्रकृती ठणठणीत असल्याचं लक्षण आहे."

वैष्णवीला हसू आलं नाही. ईरप्पा हसले, पण माझं हसून झाल्यावर.

चाचणी वैष्णवीने घेतली. समोर, आदराने. बारापैकी बारा आकडे बरोबर. इतकं एकाग्र होऊन ऐकणारा श्रोता मला व्याख्यानांतसुद्धा कधी लाभला नाही. डोळ्याची पापणी हलली नाही माणसाची. 'श्रवण सामान्य' लिहून सही केली. ती चिठ्ठी म्हणजे वैद्यकीय दाखला नव्हे, असं मॅडमनी बजावलं होतं, पण माणूस इतका खूश झाला होता की मी जाता जाता केंद्राचा शिक्काही मारून दिला. ईरप्पांनी चिठ्ठी सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीमागे खोचली. कमलम्मांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

फॉर्मवरच्या 'शेरा' या रकान्यात मी लिहिलं, 'पत्नीची तक्रार: पती ऐकत नाहीत. औषध उपलब्ध नाही.' सरकारी रकान्यांनाही कधी तरी हसू यायला हवं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे चार-पाच दिवस कोणी घरात सापडलं नाही. आजपासून पुन्हा सुरू. मिशी होती तशीच आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी आकडे मांडले. मागावर काम केलेले दोनशे बारा पुरुष तपासले, त्यात फक्त नऊ नापास. काही घरांत तुलनेसाठी तपासलेल्या त्यांच्या बायका, ज्यांनी कधी मागाला हात लावला नाही, त्यांच्यात नापास होण्याचं प्रमाण याहून जास्त. म्हणजे तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहिल्याने कान सुधारतात.

मॅडम गंभीर होत्या. "असं होत नाही, सयाजीराव. जगात कुठेच असं नाही."

"सोलापूरचं पाणी," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे असंच छापलं तर पुढची वीस वर्षं कोणी यांच्या कानांकडे बघणार नाही. आवाजाने काही होत नाही, हा बघा कागद, असं म्हणतील."

घरी येऊन विजयमालाला सांगितलं. ती म्हणाली, "पुरुषांचे कान चांगले निघाले म्हणता? मग चाचणीतच काही तरी चुकलंय." मी हा स्त्रीसुलभ पूर्वग्रह आहे असं म्हणालो आणि वर्तमानपत्र उघडलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वैष्णवीला सर्दी. घरोघरी जायचं म्हणून तोंडाला मास्क लावून गेली. संध्याकाळी फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवले. मागावरचे सात जण तपासले, त्यातले सहा नापास.

मी म्हणालो, "मास्कमध्ये आवाज दबतो. हे फॉर्म बाद."

"बायकांना ऐकू आलं की, सर. त्याच घरात, त्याच मास्कमधून. पाचही बायका पास."

मी फॉर्म चाळले. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "काल घरी पण करून बघितलं. आमचे नान्ना, वडील माझे, जेवत होते. मागे उभी राहिले आणि हाक मारली. कुजबुजून नाही, नेहमीसारखी. तीनदा मारली. त्यांनी भाकरी मोडून खाल्ली. मी पुढे जाऊन तोंड हलवलं, नुसतं हलवलं, आवाज काढलाच नाही. ते म्हणाले, 'काय गं, हाक का मारतीस?'"

तिचे डोळे सर्दीने लाल होते. सर्दीनेच, असं मी तेव्हा धरलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

चौदा वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता. लोकांना फार आवडला. इथल्या एका साहित्य मंडळाने शाल-श्रीफळही दिलं. विषय असा की मागाच्या कारखान्यात आवाजाने बोलणं अशक्य, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. बारा माग पलीकडे उभा असलेला माणूस कोणाच्या लग्नाची गोष्ट सांगतोय, हे इकडच्याला कळतं. मी लिहिलं होतं, 'या कलेला सरकारने मानधन द्यावं.' आज माळ्यावरून कात्रण काढलं. वाक्य चांगलं आहे, त्याचा राग आला.

म्हणजे मला ठाऊक होतं. मॅडम पुण्याच्या, त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. मी इथला. माहिती होती आणि ती मी हशा पिकवायला वापरून टाकली होती. मग त्याच माणसांसमोर अकरा मुलींना बसवलं, त्यांची तोंडं उजेडात ठेवली, आणि वर त्याला आदर असं नाव दिलं.

ईरप्पांनी खुर्ची दाराकडे का फिरवली, ते आज कळलं. मिशीचंही कळलं. त्यांनी एका शब्दानेही लबाडी केली नाही. मागावरचा कोणताही माणूस जे करतो, तेच ते करत होते. आणि मी पुस्तिकेत नेमकं तेच करायला सांगितलं होतं.

शुक्रवारी बैठक आहे. तिथे सांगेन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं नाही.

जसं झालं तसं लिहितो. मॅडमनी एका घरातल्या चाचणीचं मोबाइलवरचं चित्रण लावलं. वैष्णवी समोर बसलेली, तोंड स्पष्ट. मॅडमनी चित्रण थांबवलं. "वैष्णवी, मागे उभं राहायचं असतं. हे तर पुस्तिकेतच आहे. प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं का?"

शिकवलं होतं. मी शिकवलं होतं, आणि विनोद करून शिकवलं होतं. वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. अर्धा मिनिट असेल. मी गळ्यातल्या कार्डावर आमटीचा डाग अजून आहे का ते बघत होतो.

"तुझ्या भागाचं काम आजपासून थांबव," मॅडम तिला म्हणाल्या. "आधी पुन्हा शिक." आवाज चढवला नाही. तेच वाईट.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "मी बोलतो मॅडमशी." ती म्हणाली, "व्हय, सर." ती एरवी 'हो' म्हणते. आज 'व्हय' म्हणाली, आणि त्यात काही तरी होतं. जिन्यावरून खाली जाताना मागे वळून पाहिलं नाही.

लोकांच्या लबाड्यांवर मी एकवीस वर्षं लिहिलं. त्यातला एकही माणूस इतक्या स्वस्तात विकला गेला नव्हता. मला तर कोणी विकतसुद्धा घेत नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

ईरप्पा केंद्रावर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात ती चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत. मला वाटलं भांडायला आले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं.

परवा गेटवर ट्रक मागे घेत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ओरडत होता. ईरप्पा रजिस्टरवर नंबर लिहीत पाठमोरे उभे. त्यांना काही कळलं नाही. ट्रक खांबाला घासला. माणसाला लागलं नाही, ते त्या सिद्धरामेश्वराची कृपा, असं ते म्हणाले. सुपरवायझरने चिठ्ठी काढून दाखवली. कागद म्हणतो माणसाला नीट ऐकू येतं. मग हॉर्न वाजून हलत नाही, म्हणजे हा माणूस मस्तवाल आहे. घरी बसवलं.

"सर," ईरप्पा म्हणाले, "तुमच्या कागदात एक वळ वाढवा की."

"कसली ओळ?"

"मानूस उद्धट न्हाई, आसं लिवा. शिक्का हाय तुमच्याकडं."

त्यांना वाटत होतं, कानाचा प्रश्न शिक्क्याने मिटलाय, राहिला स्वभावाचा. एकतीस वर्षं मालकासमोर मान खाली घालून उभा राहिलेला माणूस मस्तवाल नसल्याचा दाखला मागायला आला होता. माझ्याकडे.

मला सांगता आलं असतं. ते समोर होते, माझं तोंड बघत होते. मी म्हणालो, "बघतो." त्यांना ते पहिल्याच फटक्यात कळलं. 'बघतो' हा शब्द त्यांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा वाचला असणार.

विजयमालाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती समजूत काढेल. ती पालक निवडत होती. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुमची मॅडम आहे?"

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊलाच मॅडमच्या खोलीत गेलो. मराठी पुस्तिकेचं चौथं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "हे मी बदललं. वैष्णवीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तिला हसण्यावारी नेलं. शुक्रवारी गप्प बसलो."

मॅडमनी पान वाचलं. पहिल्यांदाच वाचलं, हे दोघांनाही दिसत होतं. खाली त्यांची सही. सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "का बदललंत?"

"पाठीमागे उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून."

"त्यांना विचारलंत का, बरं दिसतं की नाही?"

नव्हतं विचारलं. इतक्या घरांत गेलो आणि हा एक प्रश्न कोणालाच विचारला नाही. माझ्या माणसांच्या वतीने मान-अपमान मीच ठरवून टाकला होता.

मग त्यांनी ईरप्पांचा फॉर्म मागवला आणि शेऱ्याचा रकाना मोठ्याने वाचला. "पत्नीची तक्रार: पती ऐकत नाहीत. औषध उपलब्ध नाही." वाचून झाल्यावर फॉर्म माझ्याकडे सरकवला. "ही बाई दहा वर्षांचा इतिहास सांगत होती, सयाजीराव. सगळ्या अभ्यासातली ही एकच ओळ खरी निघाली असती."

 माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट विनोद अधिकृत कागदावर आहे, माझ्या सहीनिशी, आणि तो फाडता येत नाही. संशोधनाचा कागद फाडायचा नसतो. रेघ मारून शेजारी तारीख घालायची असते.

मॅडमनी मला काढलं नाही. त्याची मी तयारी करून गेलो होतो. राजीनाम्याचा मसुदा खिशात होता आणि, खरं सांगतो, चांगला जमला होता. त्या म्हणाल्या, "ते सोपं आहे तुम्हाला. जायचं नाही. सही माझी आहे, एथिक्स कमिटीला मी लिहिते. सगळे पास झालेले पुन्हा तपासायचे, अठ्ठावीसच्या आत. तुम्ही स्वतः प्रत्येक घरी जायचं." मग वैष्णवीला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर तिची माफी मागितली. मीही मागितली. वैष्णवी मॅडमना म्हणाली, "असू द्या, मॅडम." मला म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही बोलाल." एवढंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवसांत चौसष्ट घरं. आता वैष्णवी शिकवते आणि मी शिकतो. ती आधी माणसाला समोर बसून सांगते, "काका, मी तुमच्या मागे उभी राहणार, तुम्हाला माझं तोंड दिसू नये म्हणून. चालेल ना?" आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "हां, आता कसं. मागल्या टायमाला समोर बसलात, मला वाटलं तोंड वाचायची परीक्षा हाय." चौसष्टपैकी एक्केचाळीस नापास.

दुपारी एकटाच चिंचोळीला गेलो. सुपरवायझर पृथ्वीराज, तिशीचा, तोंडात सुपारी. मी सांगितलं, कागद चुकीचा होता, चूक माझी होती, त्या माणसाला ऐकू येत नाही.

"म्हणजे बहिरा माणूस गेटवर ठेवू?" तो म्हणाला.

"यंत्र बसेल. मग ऐकू येईल."

"अहो साहेब, पहिल्या वेळी पण शिक्का मारूनच दिला होता की तुम्ही."

 मी तिथेच उभा राहिलो. तो सुपारी चघळत राहिला. शेवटी म्हणाला, "माणूस वाईट नाही तो. वेळेवर येतो. एक मार्चपर्यंत जागा रिकामी ठेवतो, पुढं माझ्या हातात नाही. मशीन लावून घेऊन या, मी स्वतः मागून हॉर्न वाजवून बघणार. तुमच्या कागदावर नाही."

योग्य चाचणी कशी घ्यायची, हे त्याला कोणी न शिकवता कळलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

भवानी पेठेच्या यादीत ईरप्पांचं नाव वरून तिसरं. मी ते रोज खाली सरकवत होतो. आज त्या पेठेतलं दुसरं घर उरलं नाही. वैष्णवी म्हणाली, "सर, ह्यांची तुम्ही घ्या. मी लिहिते."

ईरप्पा खाली सतरंजीवर बसले. कमलम्मांनी मशीन बंद ठेवून टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या. मी समोर बसून सांगितलं की आता मागे उभा राहतो. ते म्हणाले, "राहा की." मागे जाऊन उभा राहिलो. पाठीमागून माणूस वेगळाच दिसतो. मानेवर सुरकुत्या, कॉलर उलटून शिवलेली.

हाताभर अंतर. "सात, चार, नऊ."

ईरप्पा वाट बघत होते. मी सांगायला सुरुवात करीन याची वाट.

"दोन, आठ, पाच."

काही नाही. दुसरा कान. काही नाही. बारापैकी शून्य. वैष्णवीने लिहून घेतलं. उद्या अकराला केंद्रावर मशीनची तपासणी, आणि भवानी पेठ घरी बसवायच्या गटात असल्यामुळे शनिवारपर्यंत यंत्र. पुढचा शनिवार म्हणजे बावीस. एक मार्चला आठवडा उरतो. यंत्राची सवय व्हायला तो पुरेल की नाही, हे मॅडमसुद्धा सांगू शकत नाहीत.

चाचणी संपली होती. मला मागून हलवेना. ईरप्पांना अजून कळलं नव्हतं की संपली. ते कान दाबून तसेच बसले होते. मी त्यांच्या पाठीशी, कुजबुजत म्हणालो, "ईरप्पा, माझं चुकलं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं."

कमलम्मांचे घड्या घालणारे हात थांबले.

"मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "आता फिरून पुढं जावा आन् त्यांना सांगा."

वैष्णवी फॉर्ममध्ये बघत होती. मी फिरून पुढे गेलो, सतरंजीवर बसलो. पुस्तिकेचं सांगितलं, समोर बसायला मीच लावलं ते सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं. त्या दिवशी 'बघतो' म्हणालो तेव्हा सगळं ठाऊक होतं, तेही सांगितलं. सगळं सांगून झालं.

ईरप्पांनी कानावरचं बोट काढलं. पुढे वाकून माझ्याकडे पाहिलं.

"खाली बघून बोलू नका, सर," ते म्हणाले. "कायबी कळंना."

मी मान वर केली आणि पहिल्यापासून सांगितलं.